फूलबागेनंतरची हमी

ब्रिटिश लष्कराच्या इतिहासात ग्वाल्हेरच्या १७ जून १८५८ या दिवसाची नोंद चार पदकांनी झाली आहे. आठव्या हुझार्स रेजिमेंटचे कॅप्टन हेनेज, सार्जंट वॉर्ड, नालबंद हॉलिस आणि शिपाई पिअर्सन या चौघांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. कोटा-की-सरायकडून निघालेली ही घोडदळाची तुकडी बंडवाल्यांच्या छावणीत घुसली, किल्ल्यावरून आणि शहरातून चाललेल्या तोफांच्या माऱ्यात दोन तोफा काबीज करून परतली. कोणाला पदक द्यायचं ते रेजिमेंटमधल्या सोबत्यांनीच आपसांत ठरवलं. याच हल्ल्यात झाशीच्या राणी लक्ष्मीबाई घायाळ झाल्या असं बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे आपल्याकडे ज्या प्रसंगाचे पोवाडे झाले, त्याच प्रसंगाची तिकडे पदकं झाली.

पुढचं सगळ्यांना तोंडपाठ आहे. स्वर्णरेखेच्या नाल्यापाशी घोडा अडला, राणीला गंगादास बाबांच्या शाळेत, म्हणजे साधूंच्या मठात आणलं, गवताच्या गंजीवर घाईनं अग्नी दिला, आणि प्रेताला गोऱ्यांचा हात लागू नये म्हणून साधू लढून मेले. ७४५ साधू धारातीर्थी पडले असं तिथली परंपरा सांगते. इंग्रजी कागदांत राणीच्या मृत्यूची तारीख बहुधा १७ जून येते, ग्वाल्हेरकर १८ ला पुण्यतिथी करतात. आज फूलबागेजवळ समाधी आहे, घोड्यावरचा पुतळा आहे, जूनमध्ये तिथे मेळा भरतो. या लेखाला मात्र त्या चितेनंतरच्या दिवसांशी कर्तव्य आहे. युद्ध संपलं, दोन्हीकडच्या हातांना निरपराधांचं रक्त लागलेलं होतं, आणि ‘असं पुन्हा होऊ नये’ म्हणून काय करावं हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे होता. त्यांनी त्याचं उत्तर काढलं. ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं, हे पाहण्यासारखं आहे.

आधी फूलबागेत काय झालं ते थोडक्यात. काल्पी हातची गेल्यावर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी ग्वाल्हेरवर चालून आले. १ जूनला मुरारजवळ ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे तोफा घेऊन आडवे झाले, पण त्यांचीच फौज समोरच्यांना जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याला निघून गेले. रावसाहेबांनी फूलबागेत दरबार भरवला, नानासाहेबांच्या नावानं पेशवाई जाहीर केली, शिपायांना शिंद्यांच्या खजिन्यातून पगार वाटले. मग ब्राह्मणभोजनं सुरू झाली. राणी युद्धाची तयारी करा म्हणत राहिली आणि पंगती उठत राहिल्या, हे मराठी इतिहासकारांनी हळहळून लिहिलंय. इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ १६ जूनला मुरारवर आला. चार दिवसांत लष्कर शहर आणि किल्ला दोन्ही पडले, आणि २० जूनला जयाजीरावांना इंग्रज अधिकाऱ्यांच्या संगतीनं पुन्हा राजवाड्यात आणून बसवण्यात आलं. गंगाजळी खजिन्याचे खजिनदार अमरचंद बांठिया यांना सराफा बाजारातल्या कडुनिंबावर फाशी दिली. दोष काय, तर बंडवाल्यांना पैसा दिला. त्या दिवसांत ग्वाल्हेरचा धनी कोण हे जिथे महाराजांनाच सांगता आलं नसतं, तिथे खजिनदारानं किल्ल्या कोणाला द्यायच्या?

आता रक्ताचा हिशेब. तो दोन्ही बाजूंनी मांडायला हवा, नाही तर मांडूच नये. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखनबागेत साठेक युरोपीय पुरुष, बायका आणि मुलं कापली गेली. त्यांनी किल्ल्यातून बाहेर येताना जिवाची हमी घेतली होती. त्याच महिन्यात कानपूरच्या सतीचौरा घाटावर, आणि १५ जुलैला बिबीघरात, शरण आलेल्यांची कत्तल झाली. राणीचा जोखनबागेतल्या हत्येत हात होता का यावर शंभर वर्षं वाद चालला. पुरावा तिच्या बाजूचा आहे असं मला वाटतं, पण बळी पडलेल्यांना त्या वादाचा काय उपयोग?

दुसरी बाजू. बिबीघरच्या बातमीच्या आधीच कर्नल नीलचे लोक काशी-प्रयागच्या रस्त्यावर गावं जाळत आणि झाडांना माणसं टांगत निघाले होते. मे-जून १८५७ मध्ये घाईघाईनं केलेल्या कायद्यांनी विशेष कमिशनरांना बंडाच्या आरोपात मृत्युदंडापर्यंतची सत्ता दिली. वर अपील नव्हतं. बिबीघरची बातमी आल्यावर त्या सत्तेला सूड हे निमित्त मिळालं, पण टांगणं आधीच सुरू झालेलं होतं. हा क्रम लक्षात ठेवायचा, कारण पुढे कित्येक इंग्रजी शालेय पुस्तकांतून तो उलटा झाला.

आणि झाशी. तिथल्या एप्रिल १८५८ साठी मराठी वाचकाला कोणत्या परक्या साक्षीदाराकडे जायची गरज नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, घरावरचं कर्ज फिटेल, एवढ्या साध्या हेतूनं हा भिक्षुक उत्तरेत गेला आणि बंडाच्या मधोमध सापडला. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिलं. ते छापलं गेलं १९०७ मध्ये, भटजी वारल्यानंतर, आणि तेही वैद्यांनी हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणली. म्हणजे झाशीच्या कत्तलीची ही साक्ष जशीच्या तशी वाचायला आपल्याला १०८ वर्षं लागली.

३ एप्रिलला तटावर शिड्या लागल्या. त्यानंतरचे दिवस गोडसे भटजी घराच्या कोनाकोपऱ्यात लपून काढतात आणि जे दिसतं, ऐकू येतं ते सांगतात. त्यांच्या सांगण्यात राष्ट्र नाही, क्रांती नाही. पाणी मिळत नाही, कोणाच्या परसात प्रेतं पडली आहेत, कोणत्या बोळातून आरडाओरडा येतो, हलवाईपुऱ्यात आग कशी पसरली, एवढंच आहे. गल्लीगल्लीतून पुरुषांना वेचून मारलं. मग लूट. तिचीही रीत होती: आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य, आणि पाळीपाळीनं वेगवेगळ्या पलटणी. राजवाड्यातला पोथ्यांचा संग्रह उद्ध्वस्त झाला त्याचं भटजींना विशेष दुःख. विद्येवर पोट असलेला माणूस, त्याला ते होणारच. रोझच्या फौजेबरोबर असलेला डॉक्टर टॉमस लो यानेही नंतर पुस्तक लिहिलं, आणि या शहराला दयामाया दाखवायची नव्हती हे त्यानं लपवलं नाही, उलट अभिमानानं सांगितलं. दोन साक्षीदार, एक लपलेला आणि एक जिंकलेला, एकमेकांना न ओळखणारे, आणि घडलं काय याबद्दल त्यांच्यात फारसा मतभेद नाही. खटला चालला असता तर वकिलाला याहून काय हवं असतं?

खटला चालला नाही. राणीचे वडील मोरोपंत तांबे यांना पकडून झाशीत फाशी दिली. जोखनबागेतल्या मृतांचं स्मारक झालं. झाशीच्या गल्ल्यांत मेलेल्यांची नावनिशीवार यादी सरकारनं कधी केली नाही.

कलकत्त्याला बसलेला गव्हर्नर-जनरल कॅनिंग या सगळ्यानं अस्वस्थ होता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. ३१ जुलै १८५७ च्या ठरावात त्यानं मुलकी अधिकाऱ्यांना आवरायचा प्रयत्न केला: ज्या पलटणींनी आपल्या अधिकाऱ्यांचे खून केले त्यांचे शिपाई वेगळे आणि नुसते पळून घरी गेलेले वेगळे, सरसकट फास नको. गावं जाळू नका, त्यानं शेती बुडते. कलकत्त्याच्या गोऱ्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘दयाळू कॅनिंग’ म्हणून हिणवलं. त्याला परत बोलवावं म्हणून अर्ज गेले. युद्ध चालू असताना सूडाला लगाम घालणारा माणूस आपल्याच लोकांत एकटा पडतो, याचा तो नमुना. याच कॅनिंगनं मार्च १८५८ मध्ये अयोध्येतल्या जवळजवळ सगळ्या जमिनी जप्त केल्याचा जाहीरनामा काढून तिथलं विझत आलेलं बंड पुन्हा पेटवलं, हेही खरं.

१ नोव्हेंबर १८५८ ला अलाहाबादेत व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. आपल्या इतिहासात तो ‘कंपनी जाऊन राणीचं राज्य आलं’ एवढाच उरला आहे, पण तो संघर्ष संपवण्याचा दस्तऐवज म्हणून वाचावा. त्यात बंडाच्या कारणांवर एक एक उतारा आहे. धर्मात ढवळाढवळ करणार नाही. संस्थानिकांशी झालेले तह पाळू, मुलूख वाढवणार नाही. नोकरीत जात-धर्म पाहणार नाही, ‘शक्य तितकं’. आणि माफी: ब्रिटिश प्रजेच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतलेले सोडून बाकी सर्वांना. खुन्यांना आसरा देणाऱ्यांना आणि बंडाच्या पुढाऱ्यांना फक्त जीवदान. १ जानेवारी १८५९ च्या आत शस्त्रं ठेवून घरी जायचं.

कागद म्हणून हा त्या काळी पुढारलेला होता. खुनाला माफी नाही हे तत्त्व आजही संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात. पण माफीचा अपवाद पुन्हा वाचा: ब्रिटिश प्रजेच्या खुनात भाग घेतलेले. झाशीतला कोष्टी, प्रयागच्या रस्त्यावरचा शेतकरी या जाहीरनाम्यानंतर त्याच राणीची प्रजा झाला, पण त्याचा खून हा खून म्हणून मोजलाच गेला नाही. अवधच्या बेगम हजरत महलनं या जाहीरनाम्याला उत्तर म्हणून दुसरा जाहीरनामा काढला आणि कलमागणिक त्यातली खोच दाखवली. तिनं विचारलेले प्रश्न आजच्या कोणत्याही शांतता-करारालाही विचारता येतील: शब्द पाळला जाईल याची खूण काय?

मग तात्या टोपे. नरवरच्या मानसिंगानं दगा दिल्यावर ते एप्रिल १८५९ मध्ये पकडले गेले. खटला शिवपुरीला, ग्वाल्हेरपासून शंभरेक किलोमीटरवर, लष्करी न्यायासनापुढे चालला. १८ एप्रिलला फाशी. आरोपपत्रात काय होतं हे महत्त्वाचं आहे: ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड केलं, युद्ध केलं. कानपूरच्या कत्तलीशी त्यांचं नाव जोडलं जात होतं, तरी त्यांना फासावर चढवताना त्या मेलेल्या बायकामुलांचा आरोप ठेवला नाही. तात्यांचा बचाव साधा होता. आपण आपल्या धन्याच्या, म्हणजे पेशव्यांच्या हुकमानं वागलो, इंग्रजांची प्रजा कधीच नव्हतो, आणि लढाईबाहेर कोणाला मारलं नाही. खरं काय ते कोर्टानं तपासलं असतं तर सतीचौऱ्याच्या मृतांनाही न्याय मिळायची शक्यता होती. तपासलं नाही. राज्याविरुद्ध युद्ध एवढा गुन्हा पुरेसा होता. यात इंग्रजांच्या मृतांवरही अन्यायच झाला, असं मला वाटतं.

आता या साऱ्या कथेतलं सर्वात कमी वाचलेलं पान. १८६० साली कायदे मंडळानं चौतिसावा कायदा केला. बंडाच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या हुकमानं इतरांनी जी कृत्यं केली, दंड वसूल केले, त्याबद्दल त्यांना कोर्टात खेचता येणार नाही. कायद्याच्या भाषेत याला क्षतिपूर्ती किंवा अभयदान म्हणतात. ब्रिटनमध्ये ही जुनी रीत होती, गडबडीच्या काळात अधिकाऱ्यानं कायद्याबाहेर पाऊल टाकलं तर पार्लमेंट नंतर त्याला पोटाशी धरतं. पण तिथे पार्लमेंटात त्या अधिकाऱ्याच्या बळींचे प्रतिनिधी बसलेले असत. कलकत्त्याच्या १८६० च्या मंडळात एकही हिंदी माणूस नव्हता.

म्हणजे युद्धानंतर दोन माफ्या झाल्या. बंडवाल्यांना अटींसह, मुदतीसह, अपवादांसह. अधिकाऱ्यांना कायद्यानं, कोणालाही काही कबूल करायला न लावता.

‘पुन्हा होऊ नये’ यासाठी बाकी जे झालं ते मात्र खूप मेहनतीनं झालं. जोनाथन पील यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं १८५९ मध्ये लष्कराची फेरमांडणी सुचवली: बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा, मुंबई-मद्रासेत तिघांमागे एक, आणि तोफखाना गोऱ्यांच्याच हाती. ग्वाल्हेरच्या बाबतीत तर ही हमी डोळ्यांना दिसत होती. फूलबागेवरून मान वर केली की जो किल्ला दिसतो, त्यावर १८५८ पासून इंग्रज फौज बसली. जयाजीराव निष्ठावान ठरले, त्यांना ३ लाख उत्पन्नाचा मुलूख मिळाला, पायदळ ३ हजारांवरून ५ हजारांवर आणि तोफा ३२ वरून ३६ वर नेण्याची परवानगी मिळाली. किल्ला मात्र नाही. तो परत मिळाला १८८६ मध्ये, झाशी शहराच्या बदल्यात. झाशी या मधल्या काळात शिंद्यांकडे होती, ती इंग्रजांना हवी होती. जयाजीराव त्याच वर्षी वारले. ज्या राणीनं झाशी देणार नाही म्हटलं, तिच्या झाशीचा सौदा तिच्या समाधीवरून दिसणाऱ्या किल्ल्याशी झाला. इतिहासाला विनोदाचं अंग आहे, पण ते कडू.

आणखी एक. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली ती दत्तक नामंजूर करून. १८६२ मध्ये कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, त्यात ग्वाल्हेरही होतं. जयाजीराव स्वतः दत्तकच होते. राणीनं अर्जांवर अर्ज करून जे मागितलं, ते तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांत सगळ्यांना मिळालं. संघर्षाचं मूळ कारण दूर करणं याला म्हणतात, आणि ते इंग्रजांनी केलं हे मान्य करायला हवं. त्यानंतर दत्तकावरून एकही संस्थान बंडाला उठलं नाही.

दुसरं कारण सर सय्यद अहमद खान यांनी लिहून दाखवलं. बिजनोरला इंग्रजांच्या नोकरीत असलेल्या या गृहस्थांनी बंडाच्या कारणांवर उर्दू पुस्तिका लिहिली आणि त्यात सर्वांत वर ठेवलं ते कायदे मंडळात हिंदी लोक नसणं. राज्यकर्त्याला प्रजेच्या मनातलं कळायचा रस्ताच नाही, मग कळतं ते बंदुकीनं. १८६१ चा कौन्सिल कायदा आला आणि जानेवारी १८६२ मध्ये तीन हिंदी सदस्य कलकत्त्याला बसले. काशीनरेश, पतियाळाचे महाराज, आणि तिसरे दिनकरराव राजवाडे. देवरुखचे चित्पावन, ग्वाल्हेरचे माजी दिवाण, १ जून १८५८ ला जयाजीरावांबरोबर आग्र्याला गेलेले तेच.

दिनकररावांकडे आपण फार लक्ष दिलेलं नाही. बंडात इंग्रजांच्या बाजूनं राहिलेला माणूस, त्याचा पुतळा कोण उभारणार? पण ग्वाल्हेरचा जमाबंदीचा गोंधळ निस्तरणारा, १८५७ मध्ये बंडात उठलेल्या ग्वाल्हेर कंटिंजंट फौजेला महिनोन्‌महिने आपल्या पैशानं आणि बोलण्यानं मुरारमध्ये अडकवून ठेवणारा हा कारभारी होता. हीच फौज उन्हाळ्यात आग्र्यावर गेली असती तर काय झालं असतं, यावर लष्करी इतिहासकार आजही तर्क करतात. हिंदुस्थानचा कारभार कसा असावा यावर त्यांनी पुढे इंग्रज सरकारला निवेदनही दिलं. पण १८६१ च्या कायद्यात सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. तो १८९२ मध्ये आला, तोही मर्यादित. दिनकररावांनी एखाद्या दिवशी उठून ‘झाशीत किती मेले आणि कोणाच्या हुकमानं’ असं विचारायचं ठरवलं असतं, तरी त्या सभागृहात तशी सोय नव्हती. त्यांनी ठरवलं असतं असं मी म्हणत नाही.

ही सारी मांडणी एका बाजूनं यशस्वी झाली: लष्करी बंड पुन्हा त्या प्रमाणात झालं नाही. दुसरी बाजू उघडी राहिली, आणि ती किती उघडी होती हे चौदा वर्षांत कळलं. जानेवारी १८७२ मध्ये पंजाबात मालेरकोटल्याला कूका शिखांचं छोटं बंड झालं. लुधियान्याचा डेप्युटी कमिशनर कॉवन यानं १७ जानेवारीला ४९ जणांना खटल्याशिवाय तोफेच्या तोंडी दिलं. वरिष्ठ कमिशनर फोर्सिथ येऊन पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी १६ जणांना नावापुरती सुनावणी देऊन तसंच उडवलं. बंड तेव्हा मोडलेलं होतं. कॉवनला नोकरीतून काढलं, फोर्सिथची बदली झाली, आणि पुढच्याच वर्षी त्याला काश्गरच्या मोठ्या वकिलातीवर पाठवून नंतर ‘सर’ केलं. कॉवनच्या डोक्यात ५७ होतं. त्या पिढीच्या अधिकाऱ्याला शिकवण मिळाली होती ती ही की पहिल्याच तासाला दहशत बसवली तर दंगा पसरत नाही, आणि नंतर कोणी विचारत नाही.

१३ एप्रिल १९१९. जालियनवाला बागेत १६५० गोळ्या झाडल्या गेल्या, सरकारी आकड्यानुसार ३७९ मेले. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरनं नंतर दिलेली कारणं तीच होती, दहशत बसवायची होती. चौकशीसाठी लॉर्ड हंटर यांची समिती १४ ऑक्टोबरला नेमली गेली. पण त्याच्या आधी सप्टेंबरमध्येच सिमल्याला अभयदानाचा कायदा मंजूर झाला होता. मदनमोहन मालवीयांनी त्या विधेयकावर दीर्घ भाषण करून चौकशीआधी माफी कशी, असा विरोध केला. फरक एवढाच की १८६० मध्ये हे विचारायला सभागृहात कोणी नव्हतं आणि १९१९ मध्ये होतं. मतदान मात्र त्याच बाजूला गेलं.

हंटर समितीत तीन हिंदी सदस्य होते. मुंबईचे चिमणलाल सेटलवाड, लखनौचे पंडित जगतनारायण, आणि ग्वाल्हेर संस्थानात अपिलांचं काम पाहणारे बॅरिस्टर साहेबजादा सुलतान अहमद खान. सेटलवाडांनी डायरला विचारलं की मशीनगन लावलेल्या मोटारी बागेत नेता आल्या असत्या तर काय केलं असतं. डायर म्हणाला, बहुधा वापरल्या असत्या. या एका प्रश्नानं जे साधलं ते १८५८ नंतरच्या साठ वर्षांत साधलं नव्हतं: हुकूम देणाऱ्याला समोर बसवून, नोंद घेत, का ते विचारणं. तिघा हिंदी सदस्यांनी वेगळा अहवाल लिहिला. लष्करी कायदा लावायची गरजच नव्हती, आणि डायरचं कृत्य अमानुष होतं, असं त्यात स्पष्ट होतं. सेटलवाडांनी आठवणी लिहून ठेवल्या म्हणून त्यांचं नाव राहिलं. शिंद्यांच्या नोकरीतल्या, म्हणजे इंग्रजांच्या मांडलिकाच्या नोकरीतल्या, माणसानं त्या कागदावर सही करताना काय पणाला लावलं, हे कोणी लिहिलेलं नाही. काँग्रेसनं वेगळी चौकशी केली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले मुकुंदराव जयकर यांनी सुमारे १७०० जबान्या गोळा केल्या. झाशीला जे कधी मिळालं नाही ते अमृतसरला मिळालं. नावं.

डायरला नोकरी सोडायला लावली, खटला झाला नाही, ‘मॉर्निंग पोस्ट’नं त्याच्यासाठी २६ हजार पौंडांचा निधी जमवला.

मग स्वातंत्र्य आलं, आणि आपल्या घटनेत ३४ वं कलम आलं. एखाद्या भागात लष्करी कायदा लागू असताना सरकारी नोकरानं सुव्यवस्थेसाठी जे केलं, त्याबद्दल संसद त्याला कायद्यानं अभय देऊ शकते. १८६० च्या कायद्याचा क्रमांकही ३४ होता, हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. फाळणीच्या कत्तली ताज्या असताना, नव्या राज्याला आपल्या अधिकाऱ्यांचे हात बांधले जाऊ नयेत असं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही. सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा १९५८ चा. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय जवानावर किंवा अधिकाऱ्यावर खटला भरता येत नाही. फूलबागेला त्या वर्षी शंभर वर्षं झाली.

दोन वर्षांनी, मे १९६० मध्ये, ग्वाल्हेरच्या उत्तरेला भिंड-मुरैन्याच्या बेहडांत आणखी एक पेणकर पोहोचला. विनोबांचं गागोदे आणि गोडसे भटजींचं वरसई एकाच तालुक्यात. चंबळच्या वीसेक बागींनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली, त्यात डाकू मानसिंगाच्या (नरवरचा तो वेगळा) टोळीचा लुक्काही होता. १४ एप्रिल १९७२ ला जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे त्याहून कितीतरी मोठी शरणागती झाली. फाशी देणार नाही असा शब्द सरकारनं जयप्रकाशांना दिला होता. मध्य प्रदेशचे १९६० मधले पोलीस प्रमुख, कामठीचे के. एफ. रुस्तमजी, यांनी विनोबांच्या प्रयोगावर उघड टीका केली: डाकूंचा गौरव होतो, आणि त्यांच्या हातून मेलेल्या शिपायाच्या विधवेला कोण विचारतो? टीका रास्त होती. विनोबांनी माफीचं वचन मात्र दिलं नव्हतं. बागी कोर्टात उभे राहिले, शिक्षा भोगल्या, काहींना मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शेती दिली, आणि ७२ नंतर बळींच्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचीही कामं निघाली. ज्यांना राज्य दरोडेखोर म्हणत होतं, त्यांच्याकडून त्यानं कबुली आणि शिक्षा दोन्ही घेतल्या. हेच रुस्तमजी पुढे १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं सडणाऱ्या कच्च्या कैद्यांवर लिहिते झाले, आणि त्यातून हुसैनारा खातूनचा गाजलेला खटला उभा राहिला. डाकूंच्या बाबतीत कडक आणि राज्याच्या चुकीबद्दल त्याहून कडक असा पोलीस अधिकारी विरळाच.

‘पुनरावृत्ती न होण्याची हमी’ हा संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेनं २००५ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांतला एक भाग आहे. लष्करावर मुलकी नियंत्रण, स्वतंत्र न्यायसंस्था, संघर्षाला कारण झालेल्या कायद्यांचा फेरविचार, अशी त्यात यादी आहे. ती वाचताना १८५८ ते ६२ चे कागद आठवतात, कारण कॅनिंग-पील यांच्याकडेही लष्कर, कायदे, दत्तक आणि कौन्सिल या बाबतीत भरगच्च यादी होती. त्यांच्या यादीत नव्हती ती एकच गोष्ट: राज्यानं स्वतः केलेल्या हत्यांची चौकशी.

ती यादीत यायला आपल्याकडे २०१६ साल उजाडलं. मणिपुरात पोलीस आणि सशस्त्र दलांकडून झालेल्या १५२८ कथित बनावट चकमकींची यादी घेऊन तिथल्या विधवा आणि आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. ८ जुलै २०१६ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळीत यांनी सांगितलं की विशेषाधिकाराचा कायदा लागू असलेल्या भागातही जवानाला चौकशीपासून सरसकट अभय नाही, आणि मेलेला माणूस अतिरेकी असल्याचा आरोप होता म्हणून त्याच्या मृत्यूचा तपास टाळता येत नाही. पुढच्या वर्षी तपास सीबीआयकडे देण्याचा हुकूम झाला. खटला भरण्याआधी केंद्राची परवानगी लागते, हे सहावं कलम अजून कायद्यात आहे.